कंबर दोन इंच सैल

६ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. फोनवर बोलायचा नाद मी सोडला आहे. मी फोन केला की तुम्ही "मशीनवर बसलेय" म्हणून ठेवता, आणि दादाला द्या म्हटलं की तो नेमका शिडीवर असतो. कागद कुणाला मध्येच बंद करता येत नाही, म्हणून हा लिहिते आहे. याची एक प्रत माझ्याकडे राहील. नोकरीतली सवय आहे, वाईट वाटून घेऊ नका. घेतलंत तरी प्रत राहीलच.

दादाने त्याचे रक्ताचे दोन्ही रिपोर्ट मला पाठवले, ऑगस्टचा आणि डिसेंबरचा. डिसेंबरच्या कागदावर निळ्या रंगाचा अंगठा उमटलाय, म्हणजे बोर्ड रंगवता रंगवताच पाकिटात घातला असणार. खाली एवढंच लिहिलंय : "तुला आकडे कळतात, बघ काय म्हणतात ते." बघितले. ऑगस्टमध्ये ४१२. डिसेंबरमध्ये १८६०.

ऑगस्टमध्ये त्याला शिडीच्या चौथ्या पायरीवर धाप लागायला लागली, तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगत होता की रंगाचा वास छातीत गेलाय. डॉक्टरीणबाईंनी हे रक्त तपासलं म्हणून कळलं की दोष छातीचा नाही, हृदयाचा आहे. हृदयाला ताण पडला की त्याच्या स्नायूतून एक द्रव्य रक्तात सुटतं, आणि ही तपासणी तेच मोजते. आकडा लहान असता तर हृदय बहुतेक निर्दोष सुटलं असतं आणि रंगाला दोष देता आला असता. तो लहान नव्हता. मग इको काढला, त्यात हृदय अशक्त दिसलं, गोळ्या सुरू झाल्या. इथवर सगळं ठीक. पण गोळ्या चालू असताना चार महिन्यांत आकडा साडेचार पट होतो कसा?

दोन्ही कागदांवर एकक तेच आहे, पिकोग्रॅम. ते मी आधी पाहिलं. एकतीस वर्षं दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासण्यात गेली. आकड्याआधी एकक बघायचं हे मला कुणी शिकवायला नको.

याचा अर्थ दादाला गोळ्या वेळेवर मिळत नाहीत. तुमचे ब्लाउज वेळेवर जातात, हे मात्र मी ऐकून आहे.

महिनाअखेरीला मी गाडी घेऊन येते आणि दादाला इकडे आणते. माझ्याकडे खालची खोली रिकामी आहे, जिना चढावा लागत नाही, आणि घड्याळ लावून गोळी देणारं माणूस आहे. त्याचे चार कपडे बांधून ठेवा.

तुमची नणंद


११ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा रागाने आणि एकदा तुम्ही कुठे चुकून बरं बोललाय का ते शोधायला. सापडलं नाही.

एकतीस वर्षं तुम्ही दुकानात शिरलात की दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं, ते मला माहीत आहे. माझं घर म्हणजे दुकान नाही. तुम्ही तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि इकडे मी सकाळी सहाला उठून पाणी तापवणार, बिनमिठाचं वेगळं शिजवणार, वर यांची तोंडं बघणार. "असलं बेचव जेवून जगण्यापेक्षा" असं रोज म्हणतात आणि रोज ताट चाटून-पुसून साफ करतात.

कपडे बांधून ठेवा म्हणे! छत्तीस वर्षांत यांचं एक बटण तुम्ही लावलं नाहीत.

ऐका, यांची तब्येत कशी आहे ते. ऑगस्टमध्ये गालफडं बसली होती. गळ्याजवळ शर्ट असा लोंबायचा की मला रस्त्यात लाज वाटायची, लोक म्हणायचे शिंपिणीचा नवरा आणि मापाचा कपडा नाही. आता या. बघा. डिसेंबरअखेर पँट कमरेत बसेना म्हणून मी मागची शिवण उसवून एक इंच सैल करून दिली. परवा पुन्हा एक इंच. दोन इंच, वन्सं! ते माझ्या हातचं जेवण अंगाला लागलंय, तुमच्या पिकोग्रॅमने नाही आलं.

आणि कामावर आहेत. फर्निचरच्या तीन मजली दुकानाचा बोर्ड मिळालाय. हाताने रंगवायचा, छापील नको असं त्या मालकाने मुद्दाम सांगितलं. एकेक अक्षर माणसाच्या उंचीचं आहे. चार वर्षांनी असं काम आलं. मिळालं तेव्हा हे दिवसभर शिट्टी वाजवत होते. तुमच्या खालच्या खोलीत बसून ते काय रंगवतील, भिंत?

आकड्याचं मी डॉक्टरीणबाईंना विचारणार आहे. तुम्हाला नाही.

तुमच्या दादांची बायको


१५ जानेवारी

वहिनी,

बाकीचं सगळं बाजूला ठेवते. एवढ्याचंच उत्तर द्या.

कंबर दोन इंच कधीपासून कधीपर्यंत वाढली, तारखा लिहा. दंड आणि मांड्या भरल्या आहेत का, की फक्त पोट? संध्याकाळी चपलांचे पट्टे रुततात का? नडगीवर अंगठा दाबून बघा, खड्डा तसाच राहतो का? झोपताना उशा किती घेतो?

आज एक खोकं पाठवलं आहे. त्यात वजनाचा काटा आहे. मी स्वतः पडताळून घेतलेला. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी, त्याला त्यावर उभं करा आणि आकडा लिहून ठेवा.

नणंद


२४ जानेवारी

वन्सं,

खोकं आलं. काटा चांगला दिसतोय, म्हणजे खोक्यावरच्या चित्रात. उघडलेलं नाही. मशीनखाली ठेवलंय, पाय टेकवायला बरी उंची होते.

किती माणसं माझ्या शिवणीत खोट काढायला आली आणि गेली, पण नवऱ्याच्या कमरेच्या तारखा मागणारी पहिलीच. मांड्या भरल्या का म्हणे! तुम्हाला माणूस पाठवते का बाजारातलं जनावर, असं विचारावंसं वाटलं.

आता तुमच्या १८६० चं. मुद्दाम एक दिवस दुकान बंद ठेवून डॉक्टरीणबाईंकडे गेले. दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, माझी नणंद सरकारी नोकरीत आकडे तपासायची, ती म्हणते मी नवऱ्याला मारायला बसलेय. त्या हसल्या. मग मला समजावलं, आणि मी जे समजले ते तुम्हाला समजावते. खुर्ची घ्या.

हृदयाच्या स्नायूवर ताण आला की तो एक मोठा तुकडा तयार करतो, आणि रक्तात सुटताना त्याचे दोन तुकडे होतात. एका तुकड्याचं नाव बीएनपी. दुसऱ्याचं एनटी-प्रोबीएनपी. ऑगस्टमध्ये आपल्या गल्लीतल्या लॅबने पहिला तुकडा मोजला. डिसेंबरमध्ये ती लॅब दुरुस्तीसाठी बंद होती म्हणून आम्ही चौकातल्या लॅबमध्ये गेलो. तिथे दुसरा तुकडा मोजतात. हा दुसरा रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून त्याचा आकडा नेहमीच कितीतरी मोठा असतो. दोन्ही पिकोग्रॅममध्येच.

म्हणजे कसं, वन्सं, एकाच कापडातून मी पाठ कापली आणि बाही कापली. बाही बावीस इंच, पाठ तीस इंच. दोन्ही इंचच. आता कुणी ऑगस्टमध्ये बाही मोजली, डिसेंबरमध्ये पाठ मोजली, आणि गावभर ओरडत सुटलं की बाही आठ इंच वाढली, तर त्या बाईला तुम्ही काय म्हणाल? मी काय म्हणाले ते डॉक्टरीणबाईंनी ऐकलंय, तुम्हाला सांगत नाही.

एकक बघितलंत. काय मोजलंय त्याचं नाव कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरात होतं, ते नाही बघितलंत. एकतीस वर्षं! किती गरिबांच्या काट्यांना तुम्ही असाच दंड लावला असेल.

त्या म्हणाल्या की नुसत्या एका आकड्यावर काहीच ठरत नाही. वय वाढलं की आकडा वाढतो, मूत्रपिंडं थकली की वाढतो, जाड माणसात उलट कमी दिसतो. डिसेंबरचा आकडा बघता पेशंट ऑगस्टहून बिघडला असं त्यांना वाटत नाही. तीच तपासणी त्याच लॅबमध्ये पुन्हा करून घ्या म्हणाल्या, म्हणजे नीट ताडून बघता येईल. घेऊ सवडीने.

गोळ्या नियमित घेतात का असं विचारलं. हो म्हटलं.

बोर्ड निम्मा झालाय. हे सकाळी आठला शिडीवर चढतात ते जेवायलाच उतरतात. मध्ये चढउतार नाही, त्यामुळे दमणूकही कमी. आता तरी पोटातलं पाणी स्थिर होऊ द्या तुमच्या.

शिंपीण


२९ जानेवारी

वहिनी,

चूक मान्य. दोन वेगळ्या वस्तूंची मापं मी एक धरली. नोकरीत असते तर यावर मला लेखी खुलासा द्यावा लागला असता, आणि मिळाली ती शिक्षा मुकाट्याने घेतली असती. तुम्ही ज्या चवीने ती दिलीत त्याबद्दल काही म्हणत नाही. महिनाअखेरीला येत होते तेही रद्द करते आहे. दोष सिद्ध झाला नाही तर माल जप्त करता येत नाही.

पण माझा जन्म विसंगती शोधण्यात गेलाय. तुमच्याच पत्रात एक सापडली.

दादाच्या चिठ्ठीवर एक लघवीची गोळी आहे, सकाळी एक. अंगात साठणारं पाणी बाहेर काढते ती. त्याने मला सप्टेंबरमध्ये लिहिलं होतं की गोळी घेतली की दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाला पळावं लागतं, एका अक्षराचा एक पाय रंगवून होईपर्यंत दोनदा उतरावं लागतं. तोच माणूस आता आठला चढतो आणि जेवायलाच उतरतो, असं तुम्ही लिहिता.

मग ती गोळी जाते कुठे?

मशीनखालचं खोकं उघडा. मी हात जोडत नाही कधी, तुम्हाला माहीत आहे. हे वाक्य वाटलं तर तसं वाचा.

नणंद


८ फेब्रुवारी

वहिनी,

दहा दिवस झाले, उत्तर नाही. काल चार वेळा फोन केला, आज दोनदा. वाजत राहतो. शेजारच्या चष्मेवाल्याचा नंबर होता, तो म्हणतो दुकानाला कुलूप आहे.

मला काय वाटायचं ते वाटू द्या. फक्त आहे की नाही ते कळवा.


१३ फेब्रुवारी

वन्सं,

आहे.

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. तुमचे फोन आले तेव्हा फोन पर्समध्ये होता आणि तुमचं नाव दिसत होतं. उचलला नाही. उचलला असता तर तुम्ही विचारलं असतं आणि मला खरं सांगावं लागलं असतं. ते आता सांगते.

गोळी बटणांच्या डब्यात जात होती.

डिसेंबरमध्ये रक्त देऊन आलो त्याच आठवड्यात बोर्डाचं काम मिळालं. दुसऱ्याच दिवशी हे म्हणाले, "एवढा एक बोर्ड. तेवढ्यापुरती ती गोळी बंद ठेवू. शिडीवरून सारखं उतरून जायचं, खाली ते कामगार घड्याळ बघून हसतात. माझ्या हातून असं काम पुन्हा व्हायचं नाही." मी नाही म्हटलं. मग हे रडले. लग्नात नाही रडले, आई गेली तेव्हा नाही, आणि एका गोळीसाठी माझ्यापुढे रडले. मी म्हटलं, बरं. रोज सकाळी बाकीच्या गोळ्या तळहातावर देत होते आणि ती एक डब्यात टाकत होते. बावन्न साठल्या आहेत. मोठ्या पांढऱ्या बटणांत मिसळल्यात, पण माझी बोटं ओळखतात.

डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं. तुम्हाला तर सांगितलंच.

पाच तारखेला भर दुपारी फर्निचरच्या दुकानावरून निरोप आला. गेले तर हे फुटपाथवर बसलेले, पाठ भिंतीला. शेवटून तिसरं अक्षर पुरं करून स्वतःच उतरले होते. बुटाची नाडी सुटली म्हणून वाकले आणि तिथेच श्वास कोंडला. लोक आडवं करायला बघत होते. आडवं केलं की डोळे पांढरे, बसवलं की जरा बरं. ओठ यांच्याच रंगाच्या बोटांसारखे निळे झाले होते. मी मेले असते तिथे तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि ते मी अजून मागे घेतलेलं नाही.

इथे गल्लीतल्या लॅबवाल्यानेच रक्त नेलं. यावेळी बाहीला बाही, वन्सं. ऑगस्टमध्ये ४१२. आता १३४०.

शिरेतून औषध देऊन पाणी काढलं. आठ दिवसांत वजन नऊ किलो उतरलं. मला कळेना की नऊ किलोचं माणूस गेलं कुठे. मग नर्सने यांची पँट आणून दिली, ती मी वाटेतच दुमडून घडी करत होते आणि मागची शिवण हाताला लागली. दोनदा उसवलेली. माझीच. मी टेप लावला, खडूने खूण केली, माझ्या हाताने त्या पाण्याला जागा करून दिली आणि वर तुम्हाला मिजाशीत लिहिलं की अंगाला लागलंय. गिऱ्हाइकाची कंबर महिन्यात दोन इंच वाढली तर मी विचारते, काय हो, काय झालं? घरात विचारलं नाही. मला फार आनंद झाला होता हो.

तुम्ही चुकीच्या आकड्यावरून बरोबर ओरडलात. यातलं काय जास्त झोंबतंय ते मला ठरवता येत नाही. तुम्ही ओरडलात तेव्हा तो आकडा निर्दोष होता, मी नव्हते. आणि मी त्या निर्दोष आकड्यामागे लपले. बाही-पाठीचं ते पत्र लिहून झाल्यावर मी गाणं म्हणत होते, वन्सं. मशीनवर. खोक्यावर पाय टेकवून.

परवा घरी सोडतायत. लगेच येऊ नका. आठवड्याने गाडी घेऊन या आणि यांना घेऊन जा. कपडे बांधून ठेवते. मी अडवणार नाही. अडवायला तोंड राहिलेलं नाही.

यांना हे पत्र लिहिलंय ते माहीत नाही. "काळजी करू नको, शेवटची दोनच अक्षरं राहिलीत" असं मला सांगत असतात.


१८ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की भिंतीपलीकडची बाई विचारायला आली. त्यातली एकही कागदावर उतरवत नाही. मी जे कुणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हीच का, तर आता तुम्ही हसणार नाही.

आमचे आप्पा धान्याच्या गोदामात पोती तोलायचे. मी सोळा वर्षांची होते, दादा दुसऱ्या गावी पेंटरच्या हाताखाली शिकत होता. आप्पा त्या वर्षी आजारपणातून उठले होते, नुसती हाडं. मी दुपारी डबा घेऊन जायची, आणि जेवण झालं की ते पोत्यांच्या मोठ्या काट्यावर उभे राहायचे आणि मी वजन वाचायची. आमचा खेळच होता तो. पहिल्या आठवड्यात दीड किलो वाढलं. दुसऱ्या आठवड्यात दोन. तिसऱ्या आठवड्यात अडीच. मी गोदामापासून घरापर्यंत पळत गेले, आईला ओरडून सांगितलं, आप्पा भरतायत! आई रडली आनंदाने. आप्पांच्या वहाणा पायात जात नव्हत्या, तर मी चेष्टा केली की आता तुम्हाला शेठजीच्या मापाच्या घ्याव्या लागतील. ते बसून झोपत होते, आणि आम्हाला वाटलं की उकाड्यामुळे.

अकरा दिवसांनी गेले.

तेव्हा ही रक्ताची तपासणी नव्हती. पण काटा होता. काटा रोज खरं सांगत होता आणि मी ते वाचून टाळ्या वाजवत होते. पुढे मी ही नोकरी धरली तेव्हा सगळे म्हणाले, बापाचं काम पुढे चालवतेय पोरगी. मी एकतीस वर्षं प्रत्येक काट्यावर डाफरले आणि दुकानदारांना वाटलं मला पैसे हवेत.

तुमच्या पत्रात "दोन इंच" वाचलं तेव्हा मला आप्पांचा काटाच दिसला. खरं कारण लिहिलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी खोकं उघडलं असतं. नाही लिहिलं. मला तुमच्यापुढे लहान व्हायचं नव्हतं. त्याऐवजी मांड्या भरल्या का म्हणून विचारलं, हुकूम सोडला. तेव्हा त्या फुटपाथवर एकट्या तुम्हीच नव्हता, हिशेब नीट ठेवा.

दादाला मी नेणार नाही. माझ्याकडे तो दोन महिन्यांत कंटाळून मरेल, आणि तुमच्याकडे मरायला आता तुम्ही त्याला देणार नाही. राग मात्र गेलेला नाही, तो आहे तिथे आहे.

माझ्या अटी. एक, ती गोळी तुमच्या डोळ्यांदेखत गिळायची, तोंड उघडून दाखवायचं. दोन, बोर्डाची उरलेली दोन अक्षरं खाली फळीवर रंगवायची आणि मग वर चढवायची. त्या मालकाला सांगा, नाहीतर मी त्याचे काटे तपासायला येते. फर्निचरवाल्याकडे काटा नसतो हे मला ठाऊक आहे, तरी येईन. तीन, रोज सकाळी वजन. तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर माझी वाट न बघता डॉक्टरीणबाईंकडे जायचं. आणि दर रविवारी सात दिवसांचे आकडे मला कार्डावर. मजकूर नको. तुमचा मजकूर मला सोसत नाही.

नणंद


३ मार्च

सोम ६१.४
मंगळ ६१.३
बुध
गुरु ६१.६
शुक्र ६१.५
शनि ६१.३
रवि ६१.४

मजकूर नको म्हणालात, तरी एक ओळ. आप्पांबद्दलचं तुमचं पत्र बटणांच्या डब्यात ठेवलंय, गोळ्या होत्या तिथे. यांना दाखवलेलं नाही.


७ मार्च

वहिनी,

बुधवार कुठे आहे?

मंगळवारी ६१.३ आणि गुरुवारी ६१.६ म्हणजे तीनशे ग्रॅम. मधल्या दिवशी काय होतं? काट्यावर चढला नाही, का चढला आणि तुम्ही लिहिलं नाही? गोळी घेतली होती का? पाय बघितले का? उलट टपाली कळवा. मला या बुधवारामुळे तीन दिवस जेवण जात नाही.

नणंद


१० मार्च

वन्सं,

बुधवारी ६१.४ होतं. गोळी घेतली, तोंड उघडून दाखवलं, वर जीभही काढून दाखवली. पाय कोरडे आहेत, अंगठा दाबला तर खड्डा राहत नाही.

मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुम्ही वाचता की नुसती प्रत काढून फायलीत लावता, ते बघायचं होतं. जेवण जाईना झालं त्याबद्दल वाईट वाटलं, पण फार नाही. माझं जानेवारीभर गेलं नव्हतं.

रक्त पुन्हा तपासलं, त्याच लॅबमध्ये, तेच. ५२०. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतरतंय, पण याच्यावर विसंबून राहू नका, माणसाकडे बघा. बघतेच आहे. यांना वाटतं मी प्रेमात पडलेय.

बोर्ड लागला. शेवटची दोन अक्षरं खाली फळीवर केली. बाकीच्यांपेक्षा ती जरा बुटकी आली आहेत, ओळीत दिसतात. हे रोज त्या रस्त्याने जातात, मान वर करून बघतात आणि म्हणतात, "ही दोन माझ्या बायकोची आणि बहिणीची."

सगळ्या पँटींच्या कमरा मी पुन्हा आत घेतल्या. आम्ही शिवताना आत जादा कापड सोडतो, पुढे सैल करता यावं म्हणून. छत्तीस वर्षं यांच्या प्रत्येक पँटीत मी ते सोडत आले. या वेळी कात्री घेतली आणि सगळं कापून टाकलं. आता उसवायला काही उरलेलं नाही. घट्ट झाली तर घट्टच राहील.

आणि तशी झाली तर मी पत्र लिहीत बसणार नाही. फोन करीन. उचला.

तुमची वहिनी